पाटातला बोळा

लसूण आणि ओवा घालून कढवलेल्या तेलाचा वास आला की मला अजून मळमळतं. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी. दोन्ही बाळंतपणांत मी अंगाला तेल लावू दिलं नाही, तेव्हा सासरच्या बायका तोंडाला पदर लावून म्हणाल्या, की मास्तरीण झाल्यापासून हिचं डोकं फिरलंय. डोकं फिरलं होतं हे खरं, पण ते मास्तरीण व्हायच्या आधी.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. माझा नवरा पलटणीतून अजून सुटून आला नव्हता, म्हणून मी माहेरी राहत होते. गाव कृष्णाकाठचं, कुंडलपासून तीन कोसांवर. आता तो भाग सांगलीत मोडतो, तेव्हा आम्ही सातारा जिल्हाच सांगायचो. घरात आई, आबा, विधवा चुलती आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान भाऊ. भाऊ पैलवान होता. घरात पैलवान असणं म्हणजे काय, हे ज्यांनी लंगोट धुतलेत त्यांनाच विचारावं. तालमीतल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद मुरवलेली असते आणि वर पन्नास जणांचा घाम. ते सगळं त्या फडक्यात आंबून यायचं. मी नदीवर नाक वर करून ते आपटायची. दूध, तूप, बदाम सगळं त्याचं, आणि वास तेवढा आमचा. तरी भाऊ गुणी होता. खुराकातले चार बदाम मुठीत लपवून आणायचा आणि माझ्या पदरात टाकून पळायचा.

त्या साली कुंडलच्या मैदानात त्याचा गुडघा निखळला. समोरच्यानं टांग मारली आणि हा पडला तो गुडघा वाकडा करूनच. हाडवैद्यानं तिथल्या तिथं गुडघा बसवला आणि घोट्यापासून मांडीपर्यंत पाय कामट्यांनी करकचून बांधला. आत उडदाचं पीठ आणि अंड्याचा बलक. महिनाभर सोडायचा नाही, उठायचं नाही. आठ दिवसांत तो लेप कुजला. खोलीत शिरलं की नाकात काहीतरी मेलेलं शिरायचं. भाऊ बिचारा पडल्या पडल्या आढ्याचे वासे मोजायचा, आणि हाडवैद्य येऊन फडकं हुंगून म्हणायचा, "औषिद काम करतंय."

महिन्यानं पाय सोडला तर गुडघा बरा होता, पण पोटरी भोपळ्यासारखी. कातडी ताणून चकचकीत झालेली, हात लावला तर चटका बसावा अशी ऊन. आबा जरा घाबरले. गाडीत कडबा घालून पहाटे निघालो, आणि दुपारी सांगलीत एका डॉक्टरच्या दारात उतरलो. तो लढाईवरून नुकताच परतला होता. अंगात खाकीच, पण बिल्ले काढलेले. भावाची सोबत करायला आबांनी मला नेलं होतं. मी मराठी चौथी झाले होते, त्यामुळे बाटलीवरची चिठ्ठी वाचायलाही मीच.

डॉक्टरनं पाय बघितला. पोटरीला बोट न लावता बघितला, हे मला तेव्हाच विशेष वाटलं. पाऊल हळूच वाकवलं, भाऊ कळवळला. डॉक्टर आबांना म्हणाला, "तीन आठवडे इथं ठेवा." आबा म्हणाले, "दवाखान्यात ठिवायला काय झालंय? पाय तर सुजलाय." डॉक्टरनं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडला. आबांनी उलट पाठ फिरवली आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. मग त्यानं मला ओसरीवर बोलावलं. पेशंटला ऐकू जायला नको, म्हणाला.

"तुमच्याकडे मोट आहे?"

"हाय की."

"पाटात गवताचा बोळा अडकला तर काय होतं?"

"पाणी तुंबतं. काठ फुगत्यात."

"आणि तो बोळा काढायच्या ऐवजी पायानं पुढे ढकलला तर?"

"पुढं बारक्या दांडात जाऊन बसतोय. मग वाफ्याला पाणीच न्हाई."

"शाब्बास," तो म्हणाला. "तुझ्या भावाच्या पोटरीत रक्त गोठून तसा बोळा बसलाय. एवढे दिवस पाय बांधून पडून राहिला, त्यानं. तो हातानं काढता येत नाही. जागच्या जागी राहिला तर काठाला चिकटून हळूहळू जिरेल. पण पाय दाबला, चोळला तर सुटेल. सुटला की रक्ताबरोबर वर काळजात जाणार, आणि काळजातून फुफ्फुसात. तिथल्या नळ्या दांडासारख्या बारीक. तिथं बसला की वाट बंद. जखमा भरत आलेले जवान असे पाच मिनिटांत गेलेले मी पाहिलेत."

त्यानं दुखण्यावरच्या औषधाची बाटली माझ्या हातात दिली. तो पुढे म्हणाला, "पाय उशीवर उंच ठेवायचा. तीन आठवडे त्याला कुणी हात लावायचा नाही. तू हुशार आहेस. घरच्यांना हे सगळं नीट समजावून सांग."

तू हुशार आहेस, असं मला त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं. परतीच्या वाटेवर गाडीच्या प्रत्येक गचक्याला मी भावाचा पाय कडब्यासकट उचलून धरत होते, आणि मनात ते एकच वाक्य घोळवत होते. आबांनी विचारलं, "काय म्हनला रं त्यो?" रं माझ्या भावाला. भाऊ म्हणाला, "आक्काला ठावं." मी म्हणाले, "पायाला हात लावायचा न्हाई म्हनलाय." आबा हं म्हणाले आणि बैलांना हाकू लागले.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला आलेला माणूस उशाशी बसत नाही, पायाशी बसतो. आणि बसला की बोलता बोलता त्याचा हात आपोआप आजाऱ्याच्या पायाकडे जातो. पाय चेपणं म्हणजे माया. न चेपता उठून गेलेला माणूस म्हणजे मनात काहीतरी धरून आलेला. लहानपणापासून मीही चेपत आले होते. पण आता पायाशी टेकणारा प्रत्येक माणूस मला मारेकरी दिसू लागला.

आणि काय ती माणसं! एकजण तंबाखू मळायचा, ती फक्की मारून तोच हात माझ्या भावाच्या पोटरीवर ठेवायला बघायचा. एका दूरच्या मामांना खोकल्याची उबळ यायची, हातात येईल ते अंथरुणाला पुसायचे आणि पुढे सरसावायचे, "आन बाबा पाय हिकडं." एकीनं गाईच्या शेणाचा लेप पाटीभर आणला. तालमीतले गडी यायचे ते पोह्यांच्या ताटल्या रिकाम्या करत, आणि तेलकट बोटांनी त्याची मांडी चाचपून म्हणायचे, "गड्या, उतरलास की रं!" मला किळस यायची. त्यांच्या हातांची, दातांची, मिटक्यांची. त्यांच्या मायेचीसुद्धा. मी खाटेच्या पायथ्याशी हातात राखणदारासारखी काठी घेऊन बसायची. कुणाचा हात वळवळला की म्हणायची, "हात लावायचा न्हाई. डाक्तरनं सांगितलंय."

गावात नाव पडलं. नवरा लढाईला गेला तो हिच्या धाकानं, असं कुणीतरी म्हणालं आणि ते माझ्यापर्यंत येईल अशी सोय केली. आई चुलीपाशी रडायची. "लोकं आता उंबऱ्यावनंच माघारी जात्यात," म्हणायची. मी म्हणायची, "जाऊ दे. पीडा टळली."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी चुलती माझ्याजवळ येऊन बसली. ती फार कमी बोलायची. विधवा बाईनं किती बोलावं याचं माप घरानं ठरवून दिलेलं होतं, आणि ती त्यात राहायची. हळूच म्हणाली, "का गं न्हाई लावायचा हात? काय व्हतंय लावल्यावर?"

मी तिच्याकडे बघितलं. पदराला शेण लागलेलं, बोटांना पडलेल्या भेगांत राख भरलेली. हिला काळीज कुठं असतं आणि फुफ्फुस कुठं, हे कुठून सांगायला सुरुवात करायची? मी म्हणाले, "तुला न्हाई कळायचं." ती उठून गेली. मला वाईटही वाटलं नाही. यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे मी तेव्हा ठरवूनच टाकलं होतं. शिवाय खरं सांगायचं तर, ते माझ्या एकटीजवळ आहे हे मला आवडत होतं. भावाला घाबरवायचं नाही, ही सबब हाताशी होतीच.

दिवस जात होते. पोटरी थोडी उतरली. कातडीवरची चकाकी जाऊन सुरकुती दिसू लागली. भाऊ पडल्या पडल्या मला चिडवायचा, "आक्का, तुला सरकारनं पायाचा पाटील केलाय." मी हसायची. रोज सकाळी भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायची. एकवीस रेघा झाल्या की सुटलो.

सोळावी रेघ ओढली त्या दिवशी तालमीचे वस्ताद आले. साठीचा माणूस, दोन्ही कान मोडून पुरीसारखे झालेले, पंचक्रोशीत शब्द खाली पडत नाही असा. बरोबर चार पठ्ठे. पुढच्या महिन्यात जत्रेची कुस्ती होती, आणि भावाची जोड वस्तादांनी आधीच ठरवून ठेवली होती. त्यांनी पायावरचं पांघरूण काढलं आणि तोंडानं चक् चक् केलं. "बांधून ठिवलेल्या बैलाचं पाय बी आखडत्यात. ह्यो तर मानूस हाय. रगात साकळलंय ह्येच्यात. मोकळं कराय पायजे."

रक्त साकळलंय, हे त्यांनाही बरोबर कळलं होतं. मला मात्र ते अडाणी बडबडीसारखं वाटलं. मी काठी आडवी धरली. "हात लावायचा न्हाई. डाक्तरनं सांगितलंय."

आबा ओरडले, "लाज हाय का? कुनापुढं बोलतीस?" पठ्ठे दात काढून हसले. पण वस्ताद चिडले नाहीत. ते खाटेवर भावाच्या पायाशी बसले. वस्तादानं पठ्ठ्याच्या पायाशी बसायचं, ही गोष्ट गावानं कधी पाहिली नव्हती. आबांच्या डोळ्यांना तिथंच पाणी आलं. मग वस्ताद माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, लय केलंस तू. अशी भन सगळ्यांस्नी न्हाई मिळत. आता दम खा जरा. आमच्यावर सोड."

सोळा दिवस मी शिव्या खाल्ल्या होत्या. आबांच्या रागाला मी बधले नसते, पठ्ठ्यांच्या हसण्यालाही नाही. पण तो एक गोड शब्द कानात गेला आणि मी काठी बाजूला ठेवली. भाऊ म्हणाला, "आक्का, आन की तेल. वस्ताद सवता बसल्यात." आणि मी गेले. कुणी ढकललं नाही, कुणी हाताला धरून नेलं नाही. तांब्याभर करडईचं तेल मी चुलीवर ठेवलं, लसणाच्या पाकळ्या ठेचल्या, ओवा टाकला. "चार दिस पुरंल एवढं कढव," वस्ताद खोलीतून सांगत होते. लसूण काळी होईपर्यंत मी तिथं उभी होते. डॉक्टरचा शब्द न् शब्द आठवत होता. मनात म्हणत होते, एवढे सोळा दिवस झाले, जिरला असेल. आज मला त्या बाईची, म्हणजे माझी, जेवढी शिसारी येते तेवढी मामांच्या खोकल्याचीही आली नव्हती.

वस्तादांनी अंगठे तेलात बुडवले आणि घोट्यापासून वर, घोट्यापासून वर, पोटरी रगडली. भावानं दात आवळले. सगळे कौतुकानं बघत होते. तेल त्याच्या टाचेवरून अंथरुणावर ठिबकत होतं. "ऊठ आता," वस्ताद म्हणाले, "चार पावलं टाक." भाऊ वस्तादांच्या खांद्यावर हात टाकून उठला. चार नाही, सात पावलं चालला. ओसरीच्या खांबाला हात लावून त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसला. पठ्ठ्यांनी टाळ्या पिटल्या.

मग त्यानं छातीवर हात ठेवला. "आक्का," म्हणाला, "दम घावंना."

ओठ जांभळे झाले. अंगावर घाम असा फुटला की तेल कुठलं आणि घाम कुठला कळेना. त्याला खाली बसवलं तर मासा जसा तोंड उघडतो तसं तोंड उघडून श्वास ओढायला लागला, आणि आत काहीच जाईना. खोकला आला, त्यात रक्त. कुणीतरी ओरडलं, "वारं भरलंय, छाती चोळा!" आणि त्या चौघांनी तेलात हात घालून त्याची छाती चोळायला सुरुवात केली. मी बघत होते. चार तेलकट गडी माझ्या भावावर वाकलेले, आणि त्यांच्या दंडांमधून त्याचे डोळे मला शोधताहेत. डॉक्टर पाच मिनिटं म्हणाला होता. तेवढीही लागली नाहीत.

नंतर जो तो जिभेला येईल ते बोलला. मैदानातल्या कुणाची तरी नजर लागली. समोरच्या तालमीनं करणी केली. हाडवैद्य म्हणाला, माझा लेप धुतला म्हणून झालं. आबा म्हणाले, डॉक्टरच्या बाटलीनं घात केला, आणि ती बाटली उकिरड्यावर फोडली.

जिथं प्राण गेला तिथं, ओसरीच्या खांबापाशी, पिठावर दिवा ठेवला. घरात गोडंतेल संपलेलं होतं. आईनं मागचापुढचा विचार न करता तांब्यात उरलेलं तेच तेल दिव्यात ओतलं. दिवा विझू द्यायचा नसतो, म्हणून पुन्हा मला बसवलं. "राखण करायची सवं हाय हिला," कुणीतरी म्हणालं, आणि ते टोमणा म्हणून नव्हे, खरंच मायेनं म्हणालं. दहा दिवस ओसरीवर लसणाचा वास येत राहिला. येणारे हात जोडायचे. मला भडभडून यायचं ते रडू नसायचं, ओकारी असायची.

दहाव्याला नदीवरून माणसं परत आली. त्यात वस्ताद होते. ते दिव्यापाशी टेकले आणि जरा वेळानं नाक वर करून म्हणाले, "ह्यो वास कशाचा?"

"तुमच्या तांब्यातलं तेल हाय," मी म्हणाले.

त्यांनी दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आबा काहीतरी बोलायला निघाले होते, त्यांना वस्तादांनी हातानंच थांबवलं. आणि मला विचारलं, "पोरी, त्यो डाक्तर नेमकं काय म्हनला व्हता?"

मी सांगितलं. पाट, गवताचा बोळा, पुढचा बारका दांड, कोरडा राहिलेला वाफा. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. फुफ्फुस हा शब्द मला वापरावाही लागला नाही, छातीतल्या नळ्या म्हणाले. वस्तादांनी उभा जन्म उसाला पाणी पाजण्यात घालवला होता. बोळा सुटून पुढं जातो म्हटल्यावर त्यांची होकाराची मान मधेच थांबली. ते आपले अंगठे बघत बसले. आबांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. तिथल्या एकूण एक माणसाला कळलं होतं. तंबाखूवाल्याला, मामांना, सगळ्यांना.

"ह्ये तवाच का न्हाई सांगितलंस?" वस्ताद म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"कुनी इचारलंच न्हाई," मी म्हणाले.

चुलती आत चुलीपाशी भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. ती हातातल्या पिठासकट दारात आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.